खाडा कोण भरून देणार? ब्रिटनमधले खेळ असे का घडले

शनिवारी दुपारी तीनला सुरू होणारी प्रीमियर लीगची मॅच इंग्लंडमध्ये टीव्हीवर थेट दाखवत नाहीत. शनिवारी २.४५ ते ५.१५ या वेळात तिथे फुटबॉलचं थेट प्रक्षेपण बंद असतं. पुण्यातला माणूस तीच मॅच हिवाळ्यात रात्री साडेआठला आणि तिकडची उन्हाळी वेळ लागू असेल तेव्हा साडेसातला घरी बसून बघतो. मँचेस्टरमधल्या माणसाला मात्र मैदान गाठावं लागतं, नाहीतर रेडिओ लावावा लागतो. हा आग्रह १९६० च्या दशकात बर्नली क्लबचे अध्यक्ष बॉब लॉर्ड यांनी धरला होता. मोठ्या क्लबांच्या मॅचेस घरात फुकट दिसायला लागल्या तर लहान गावातल्या क्लबच्या दारात तिकीट काढायला कोण येईल, असा त्यांचा रोखठोक हिशेब होता.

पण मुळात शनिवारच का, आणि तीनच का, हे समजून घ्यायचं तर टीव्हीच्याही शंभरेक वर्षं मागे, वायव्य इंग्लंडमधल्या लँकेशरच्या कापड गिरण्यांपर्यंत जावं लागतं. ब्रिटिश खेळांचा इतिहास बहुधा बड्या निवासी शाळा, तिथले सद्गृहस्थ आणि त्यांची खिलाडूवृत्ती असा सांगतात. तो खोटा नाही, पण अर्धा आहे. उरलेला अर्धा दोन प्रश्नांभोवती फिरतो. मोकळा वेळ कोणाकडे होता? आणि खेळायला गेल्यामुळे खाडा पडला, तर त्या दिवसाची मजुरी कोण देणार?

गावाचा खेळ रस्त्यावरून गेला

डर्बीशरमधल्या ॲशबोर्न गावात आजही जुना फुटबॉल खेळतात. ख्रिस्ती उपवासाचा काळ सुरू होण्याआधीचा मंगळवार आणि त्यानंतरचा बुधवार असे दोन दिवस तो चालतो. गावातून हेनमोर नावाचा ओढा वाहतो. ओढ्याच्या एका अंगाला जन्मलेले एका बाजूने खेळतात, पलीकडचे दुसऱ्या बाजूने. दोन गोलांमधलं अंतर सुमारे तीन मैल, म्हणजे जवळजवळ पाच किलोमीटर. खेळाडूंची संख्या ठरलेली नाही, मैदानाला हद्द नाही, आणि चेंडू ओढ्यात गेला तर माणसंही ओढ्यात उतरतात. दुकानदार त्या दिवशी काचांना फळ्या ठोकतात.

अठराव्या शतकात असे खेळ गावोगाव होते, कारण त्यांना लागणारं सगळं हाताशी होतं: गावची सामायिक जमीन, शेतीच्या कामात मिळणारी उसंत आणि ठरलेले सण. घरी बसून कामाच्या नगावर कमावणारे विणकर आणि कारागीर सोमवारी सरळ सुट्टी घ्यायचे आणि शनिवारपर्यंत रेटून काम उरकायचे. सामायिक जमिनी कुंपणात गेल्या, गावांची शहरं झाली आणि वाफेचं इंजिन आलं, तशी ही घडी विस्कटली. इंजिन एकदा पेटलं की सगळे हात एकाच वेळी यंत्रावर हवेत, तिथे सोमवारचा खाडा मालकाला परवडत नाही. १८३५ च्या रस्ते कायद्याने हमरस्त्यावर फुटबॉल खेळणाऱ्याला ४० शिलिंगांपर्यंत दंड लावला. त्याच वर्षी बैलांवर कुत्रे सोडण्यासारख्या प्राण्यांच्या झुंजींवरही कायद्याने बंदी आली. डर्बी शहरातला सणाचा फुटबॉल तर १८४० च्या दशकात पोलिस आणि घोडदळ लावून मोडून काढला. ॲशबोर्नचा टिकला, हा अपवाद.

नडगीवरच्या लाथेचा वाद

सामान्यांच्या हातून खेळ सुटत होता त्याच काळात तो श्रीमंतांच्या निवासी शाळांत रुजत होता. तिथे मैदानं होती, वेळ होता आणि अंगात रग असलेली मुलं होती. मास्तरांना खेळ सोयीचा वाटू लागला, कारण मुलं थकली की दंगा कमी. पुढे त्याला धर्माची आणि चारित्र्याची जोड मिळाली: बळकट शरीर, संयम, संघासाठी झिजणं. साम्राज्याला लागणारे अधिकारी अशाच मातीतून घडतात, असं मग सर्रास बोललं जाऊ लागलं.

अडचण एकच होती. प्रत्येक शाळेचा खेळ वेगळा. रग्बी शाळेने आपले नियम १८४५ मध्ये लिहून काढले, त्यात चेंडू हातात घेऊन पळता येत होतं. इटनमध्ये तसं चालत नव्हतं. शाळेत असेपर्यंत याने काही बिघडत नव्हतं, पण हीच मुलं मोठी होऊन लंडनमध्ये वकिली किंवा पेढीवर नोकरी करू लागली आणि एकमेकांशी मॅच खेळायची म्हटलं की अर्धा वेळ नियमांवरच भांडण.

म्हणून २६ ऑक्टोबर १८६३ रोजी लंडनच्या फ्रीमेसन्स टॅव्हर्नमध्ये काही क्लबांचे प्रतिनिधी जमले आणि फुटबॉल असोसिएशन स्थापन झाली. पुढच्या बैठकांत खरा वाद हातात चेंडू धरण्यापेक्षा नडगीवर लाथ मारण्यावरून पेटला. रग्बी पद्धतीत चेंडू घेऊन पळणाऱ्याच्या नडगीवर लाथ घालणं रीतसर होतं. सचिव एबनेझर मॉर्ली यांचं म्हणणं असं की लाथा ठेवल्या तर समज आलेला माणूस खेळायलाच येणार नाही, खेळ शाळकरी पोरांपुरता उरेल. ब्लॅकहीथ क्लबला लाथा काढणं म्हणजे खेळातला पुरुषार्थ काढणं वाटलं. तो क्लब बाहेर पडला, आणि १८७१ मध्ये रग्बीची वेगळी संघटना उभी राहिली. गंमत अशी की तिनेही पुढे लाथा बंद केल्याच. सोमवारी लंगडत कचेरीत जाणं कोणालाच परवडत नव्हतं.

दुपारी दोनला गिरणीचा भोंगा

१८५० च्या कारखाने कायद्याने कापड गिरण्यांत स्त्रिया आणि अल्पवयीन कामगारांचं काम शनिवारी दुपारी दोनला थांबवलं. कायद्यात प्रौढ पुरुषांचं नाव नव्हतं. पण बायका-मुलं गेल्यावर गिरणी चालणार कशी? त्यामुळे पुरुषही सुटले. हळूहळू इतर धंद्यांतही शनिवारची अर्धी सुट्टी आली. आता घड्याळ लावून बघा. दोनला सुटायचं, हातपाय धुऊन चार घास खायचे, मैदानापर्यंत चालत जायचं, की तीन वाजतात. दीड तासाचा खेळ आणि मध्ये थोडी विश्रांती, म्हणजे पावणेपाच. डिसेंबरात तिथे चारच्या सुमारास सूर्य मावळतो, म्हणून ऐन हिवाळ्यात मॅच लवकर सुरू करावी लागे. दिव्यांच्या उजेडात लीगची पहिली मॅच व्हायला १९५६ साल उजाडलं.

ज्यांना शनिवार मिळाला नाही त्यांनी दुसरा दिवस धरला. शेफील्डमध्ये बुधवारी दुपारी मोकळे असणारे लोक क्रिकेट खेळायला जमत. त्यांनी १८६७ मध्ये फुटबॉल सुरू केला आणि क्लबच्या नावातला ‘वेन्सडे’ आजतागायत राहिला.

सुट्टी मिळाली, पण मैदान, चेंडू आणि कपडे बदलायची जागा द्यायला कोणीतरी लागतं. ते काम चर्च, कारखाने आणि रेल्वेने केलं. ॲस्टन व्हिला आणि एव्हर्टन हे चर्चच्या मंडळींतून निघालेले क्लब. आर्सेनल वुलिचच्या शस्त्रकारखान्यातून आला, वेस्ट हॅम जहाजबांधणीच्या थेम्स आयर्नवर्क्समधून, आणि मँचेस्टर युनायटेड १८७८ मध्ये रेल्वे कामगारांचा न्यूटन हीथ क्लब म्हणून जन्मला. दारू आणि गुत्त्यापासून तरुणांना दूर ठेवावं हा पाद्र्यांचा हेतू होता. तो फारसा साधला असं दिसत नाही. मॅच संपली की गर्दी थेट गुत्त्यात जायची, आणि तिथेच शनिवारच्या निकालांची खास सायंआवृत्ती विकली जायची.

आठवड्याचा पगार, आठवड्याची मॅच

एफए कप, म्हणजे फुटबॉल असोसिएशनची हरला तो बाहेर अशी स्पर्धा, १८७१-७२ मध्ये सुरू झाली तेव्हा १५ संघांनी नावं दिली आणि अंतिम सामन्याला ओव्हलवर सुमारे २,००० लोक होते. पहिली अकरा वर्षं कप सुखवस्तू लोकांच्याच संघांकडे राहिला. ३१ मार्च १८८३ रोजी लँकेशरच्या ब्लॅकबर्न ऑलिम्पिकने इटनच्या माजी विद्यार्थ्यांच्या ओल्ड इटोनियन्स संघाला जादा वेळेत २-१ हरवलं. ऑलिम्पिकमध्ये विणकर होते, नळजोडणी करणारा होता, ओतकामाच्या कारखान्यातला मजूर होता. निर्णायक गोल जिमी कॉस्टली या सूतकताई कामगाराने केला. इटोनियन्सचा एक खेळाडू जखमी होऊन बाहेर गेला होता हे खरं, पण दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची: ऑलिम्पिकचे खेळाडू अंतिम सामन्याआधी ब्लॅकपूलला समुद्रकाठी राहून सराव करून आले होते. मग त्या दिवसांचा पगार कोणी दिला? एका स्थानिक ओतकाम कारखानदाराने पैसा पुरवला.

पैसे देऊन खेळवणं नियमात बसत नव्हतं, म्हणून ते आडवाटेने चालायचं. स्कॉटलंडहून चांगला खेळाडू आणायचा, गिरणीत नावापुरती नोकरी द्यायची, बुटात नाणी ठेवायची. १८८४ मध्ये लंडनच्या अप्टन पार्क क्लबने लँकेशरच्या प्रेस्टन क्लबविरुद्ध तक्रार केली. प्रेस्टनचे विल्यम सडेल यांनी काही न लपवता सांगितलं की होय, आम्ही खेळाडूंची नोकरीची सोय करतो, आणि सगळेच करतात. प्रेस्टन स्पर्धेबाहेर गेला. त्यावर उत्तरेकडच्या क्लबांनी वेगळी संघटना काढण्याची तयारी केली, तेव्हा असोसिएशन नमली आणि जुलै १८८५ मध्ये तिने व्यावसायिक खेळाडूंना मान्यता दिली. अट घातली ती अशी: कपच्या सामन्यांत खेळायचं तर खेळाडू मैदानापासून सहा मैलांच्या आत जन्मलेला तरी हवा, नाहीतर तिथे दोन वर्षं राहिलेला.

मान्यतेने एक प्रश्न सुटला, दुसरा उभा राहिला. पगार दर आठवड्याला द्यायचा, पण गल्ला दर आठवड्याला येईलच असं नव्हतं. कपमध्ये पहिल्याच फेरीत हरलात की पुढचे महिने मैत्रीपूर्ण मॅचेसवर काढायचे, आणि त्या समोरचा संघ ऐनवेळी रद्द करायचा, कारण त्याला दुसरीकडे जास्त गल्ल्याची मॅच मिळालेली असे. यावर ॲस्टन व्हिलाच्या विल्यम मॅग्रेगर यांनी तोडगा काढला. ठरलेले क्लब, ठरलेल्या तारखा, प्रत्येकाने प्रत्येकाशी एकदा घरी आणि एकदा बाहेर खेळायचं. १८८८ मध्ये १२ क्लबांची फुटबॉल लीग सुरू झाली: सहा लँकेशरचे, सहा मध्य इंग्लंडमधल्या मिडलँड्सचे, लंडनचा एकही नाही. अकरा प्रतिस्पर्धी, प्रत्येकाशी दोन मॅचेस, एकूण २२. हंगाम सुरू झाला तेव्हा विजयाला किती गुण द्यायचे हेही ठरलेलं नव्हतं, ते नोव्हेंबरात ठरलं. प्रेस्टनने त्या वर्षी एकही मॅच गमावली नाही.

प्रत्येक मॅचला पैशाचं वजन आल्यावर सद्गृहस्थांच्या शब्दावर खेळ चालेना. आधी दोन्ही बाजूंचे पंच आपसात मिटवायचे. १८९१ मध्ये रेफरी मैदानात आला आणि त्याच वर्षी पेनल्टी किक आली. आम्ही मुद्दाम खोडी करू असं कोणाला वाटतंच कसं, म्हणून हौशी खेळाडूंना पेनल्टीचा नियमच अपमान वाटला.

व्यावसायिक झाला म्हणून खेळाडू मोकळा झाला असं मात्र नाही. १९०१ मध्ये आठवड्याला जास्तीत जास्त ४ पौंड अशी पगाराची मर्यादा लागली. कुशल कामगाराच्या मानाने रक्कम चांगली होती, पण हजारोंनी भरणाऱ्या मैदानाच्या मानाने किरकोळ. वर करार संपला तरी जुना क्लब खेळाडूला अडकवून ठेवू शकत होता. मर्यादा १९६१ मध्ये उठली तेव्हा ती २० पौंडांवर होती, आणि लंडनच्या फुलम क्लबने लगेच आपल्या जॉनी हेन्सला १०० पौंड द्यायला सुरुवात केली.

सहा शिलिंगांवरून फुटलेला खेळ

रग्बीचे कारभारी फुटबॉलकडे बघत होते आणि त्यांनी त्यातून उलटा धडा घेतला. मजुरांना पैसे दिले की दहा वर्षांत कप आणि सत्ता दोन्ही उत्तरेकडे जातात, हे त्यांनी पाहिलं होतं. यॉर्कशर आणि लँकेशरच्या क्लबांची मागणी तशी साधी होती. पगार नको, फक्त मॅचसाठी बुडालेल्या दिवसाची भरपाई द्या, दिवसाला सहा शिलिंग. त्या काळी एक शिलिंग १२ पेन्सचा आणि फुटबॉल मैदानाचं प्रवेशशुल्क साधारण ६ पेन्स. म्हणजे एका खेळाडूचा खाडा बारा प्रेक्षकांच्या तिकिटात भरून निघत होता. १८९३ च्या सभेत हा ठराव २८२ विरुद्ध १३६ मतांनी फेटाळला गेला. सभा लंडनमध्ये आणि दक्षिणेकडच्यांच्या हातात न आलेल्या क्लबांची मतपत्रं, असा एकंदर बेत होता.

२९ ऑगस्ट १८९५ रोजी हडर्सफील्डच्या जॉर्ज हॉटेलात उत्तरेकडचे क्लब जमले आणि वेगळे झाले. त्यांच्या संघटनेतून पुढे रग्बी लीग हा स्वतंत्र खेळ तयार झाला. नियम का बदलले ते बघण्यासारखं आहे. तिकीट काढून आलेल्याला चेंडू दिसला पाहिजे, खेळाडूंच्या ढिगाऱ्याखाली दडलेला नको. म्हणून बाहेर गेलेला चेंडू रांगा करून आत टाकण्याची पद्धत काढून टाकली आणि १९०६ मध्ये संघ १५ वरून १३ जणांचा केला. माणसं कमी, म्हणजे पगारही कमी.

जुन्या संघटनेने, म्हणजे रग्बी युनियनने, लीगमध्ये गेलेल्याला कायमचं बाहेर ठेवलं. साउथ वेल्समध्ये मात्र खाणकामगार युनियनचीच रग्बी खेळत राहिले आणि तिथे बुटात ठेवलेल्या नोटांकडे बरीच वर्षं सोयीस्कर डोळेझाक झाली. रग्बी युनियनने व्यावसायिकता मान्य केली ती ऑगस्ट १९९५ मध्ये, फुटीला शंभर वर्षं पूर्ण होता होता.

एका संघात दोन दरवाजे

क्रिकेटने तिसराच मार्ग काढला. हौशी आणि व्यावसायिक एकाच संघात खेळायचे, पण कपडे बदलायच्या खोल्या वेगळ्या, बऱ्याच मैदानांवर आत येण्याची फाटकंसुद्धा वेगळी. धावफलकाच्या छापील कागदावर हौशी खेळाडूच्या नावाची आद्याक्षरं आडनावाच्या आधी, व्यावसायिकाची नंतर. लॉर्ड्सवर एकदा रीतसर घोषणा झाली की कागदावर ‘एफ. जे. टिटमस’ छापलंय ते ‘टिटमस, एफ. जे.’ असं वाचावं. फ्रेड टिटमस व्यावसायिक होता.

कप्तान हौशीच हवा, हा न लिहिलेला नियम. वॉली हॅमंडला १९३७ मध्ये एका टायर कंपनीत नोकरी मिळाली, त्याने व्यावसायिकपण सोडलं आणि पुढच्याच वर्षी तो इंग्लंडचा कप्तान झाला. बॅट तीच, माणूस तोच. आणि हौशी म्हणजे पैसे न घेणारा असंही समजू नका. डब्ल्यू. जी. ग्रेस यांनी हौशी राहून खर्चाच्या आणि गौरवनिधीच्या रूपाने जेवढं कमावलं, तेवढं त्या काळच्या कुठल्याही व्यावसायिकाला मिळालं नाही.

ही भिंत ढासळताना पाहायला समोर आपलाच संघ होता. १९५२ च्या लीड्समधल्या हेडिंग्लेच्या कसोटीत लेन हटन इंग्लंडचा विसाव्या शतकातला पहिला व्यावसायिक कप्तान म्हणून उतरला. भारताचे कप्तान होते सांगलीचे विजय हजारे. खाणकामगाराचा मुलगा फ्रेड ट्रूमन पहिली कसोटी खेळत होता आणि दुसऱ्या डावात भारत शून्यावर चार बाद. त्या संघात विनू मांकड नव्हते. ते त्याच उन्हाळ्यात लँकेशर लीगमध्ये हॅझलिंग्डन क्लबचे व्यावसायिक होते. दौऱ्यावर घेणार असाल तर आधी हमी द्या, मी क्लबचा करार सोडतो, असं त्यांचं म्हणणं होतं. हमी मिळाली नाही, त्यांनी करार पाळला. लीड्सच्या धुलाईनंतर हॅझलिंग्डनकडून त्यांना मागून घ्यावं लागलं, आणि लॉर्ड्सवर त्यांनी ७२ आणि १८४ धावा काढल्या, ७३ षटकं टाकून पाच बळी घेतले. तरी सामना गेला.

गिरणीगावातल्या एका क्लबला कसोटी खेळाडू परवडत होता, याचं कारण पुन्हा शनिवारच. लँकेशर लीगची मॅच एका दुपारची असे. प्रत्येक क्लब एकच व्यावसायिक ठेवी, त्याला बघायला गाव लोटे, आणि फलंदाजाने पन्नास केल्या की प्रेक्षकांत डबा फिरे. काउंटीचा तीन दिवसांचा सामना मात्र मंगळवारी, बुधवारी रिकाम्या बाकांपुढे चाले. महायुद्धानंतर वाढलेल्या करांत वडिलोपार्जित पैशावर उन्हाळाभर खेळणारे संपत आले. बऱ्याच हौशींना काउंटीच्या सहायक सचिवाची जागा देऊन पोसावं लागे. १९६२ च्या अखेरीस हा भेदच रद्द केला. १९६३ मध्ये जिलेट कप ही ६५ षटकांची एकदिवसीय स्पर्धा आली.

रविवार, काटेरी कुंपण आणि खुर्च्या

रविवारवर धर्माचा पहारा जास्त दिवस टिकला. जानेवारी १९७४ मध्ये वीजटंचाईमुळे व्यावसायिक फुटबॉल पहिल्यांदा रविवारी खेळवावा लागला. पण १७८० च्या कायद्याने रविवारी प्रवेशाचे पैसे घेता येत नव्हते. क्लबांनी प्रवेश मोफत केला आणि आत जाण्यासाठी संघांची यादी विकत घेणं सक्तीचं केलं. किंमत तिकिटाएवढीच.

मैदानांतल्या उभं राहून मॅच बघायच्या जुन्या पायऱ्या मात्र कोणी फारशा सुधारल्या नाहीत. हुल्लडबाजी वाढल्यावर सत्तरच्या दशकात पुढे कुंपणं घातली गेली. १५ एप्रिल १९८९ रोजी शेफील्डच्या हिल्सबरो मैदानात त्या कुंपणांत चिरडून झालेल्या दुर्घटनेत ९७ जणांचा जीव गेला. दुर्घटनेच्या चौकशीच्या टेलर अहवालानंतर वरच्या दोन विभागांच्या मैदानांत सगळीकडे खुर्च्या आल्या. जागा कमी झाल्या, तिकीट महागलं. १९९२ मध्ये प्रीमियर लीग उपग्रह वाहिनीच्या पैशावर उभी राहिली. ज्या मजुराच्या शनिवारसाठी तीनची वेळ ठरली होती, त्याच्या नातवाला आता मैदानाचा हंगामी पास जड जातो.

बायकांचं मैदान काढून घेतलं

पहिल्या महायुद्धात पुरुष आघाडीवर गेले, दारूगोळ्याच्या कारखान्यांत बायका आल्या, आणि जेवणाच्या सुट्टीतला त्यांचा फुटबॉल पाहता पाहता मोठा झाला. प्रेस्टनच्या ‘डिक, कर’ नावाच्या कारखान्याच्या संघाने १९२० च्या नाताळच्या दुसऱ्या दिवशी लिव्हरपूलच्या गुडिसन पार्क मैदानावर सेंट हेलेन्सच्या संघाशी मॅच खेळली. आत ५३,००० लोक होते. जखमी सैनिकांसाठी ३,११५ पौंड जमले.

वर्षभरात, ५ डिसेंबर १९२१ ला, फुटबॉल असोसिएशनने हा खेळ बायकांना योग्य नाही असं जाहीर केलं. बंदीची रीत चलाख होती. बायकांनी खेळू नये असा हुकूम काढणं असोसिएशनच्या हातात नव्हतं, म्हणून तिने आपल्या क्लबांना त्यांना मैदान द्यायची मनाई केली. मैदान नाही म्हणजे कुंपण नाही, फाटक नाही, गल्ला नाही. लिली पारसारख्या खेळाडू बागांत आणि रग्बीच्या मैदानांवर खेळत राहिल्या, पण प्रवासाचा आणि खाड्याचा खर्च काढणार कुठून? ही मनाई सुमारे पन्नास वर्षं टिकली.

ती उठल्यावरही पैसा आला नाही. २००९ मध्ये असोसिएशनने इंग्लंडच्या १७ महिला खेळाडूंना वर्षाला १६,००० पौंडांचे करार दिले, म्हणजे नोकरी सांभाळूनच खेळायचं. २०१८ मध्ये वरच्या विभागात पूर्णवेळ पगारी संघाची अट आली, आणि रग्बीत १८९५ मध्ये लागली होती तशी कात्री इथेही लागली, फक्त उलट्या दिशेने. डॉन्कास्टर बेल्स हा संघ १९६९ मध्ये मैदानावर लॉटरीची तिकिटं विकणाऱ्या बायकांनी काढलेला. त्याने २०१७-१८ मध्ये दुसऱ्या विभागाचं विजेतेपद मिळवलं. वरचा परवाना टिकवण्याएवढा पैसा त्याच्याकडे नव्हता. पुढचा हंगाम हा विजेता संघ तिसऱ्या विभागात खेळला.